नवी प्रजाती बनते कशी, आणि वेगळी राहते कशी? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राधानगरी-दाजीपूरची रानफेरी किंवा एखाद्या कॉलेजातलं व्याख्यान झालं की पुढचे आठ-दहा दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. बरेचसे तेच तेच असतात, म्हणून ते इथं एकत्र केलेत. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथं दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथं त्याचा क्रमांक दिलाय.

१. प्रजाती म्हणजे नेमकं काय? शाळेच्या पुस्तकात 'जाती' असतं, पेपरात 'प्रजाती', आणि जनावरांच्या बाजारात म्हशीची 'जात'. यातलं खरं कुठलं?

गोंधळ शब्दांचा आहे, तुमचा नाही. पाठ्यपुस्तकात आणि जुन्या शास्त्रीय मराठीत 'जाती' म्हणजे आंबा किंवा वाघ ही एकेक पायरी, आणि 'प्रजाती' म्हणजे तिच्या वरची, सख्ख्या नातलगांना एकत्र धरणारी पायरी. वर्तमानपत्रांनी हळूहळू खालच्या पायरीलाच प्रजाती म्हणायला सुरुवात केली आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं. शिवाय 'जात' म्हटलं की आपल्याकडं डोक्यात भलतंच येतं. म्हणून या पानावर खालच्या पायरीला 'प्रजाती' म्हटलंय, वरच्या पायरीला 'वंश'.

आता अर्थ. सर्वात जास्त वापरली जाणारी व्याख्या अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञांनी १९४२ साली मांडली. निसर्गात आपसात जुगणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीनं तुटलेल्या जिवांचा गट म्हणजे प्रजाती. रंग, उंची, शिंगं हे सगळं दुय्यम. पोरं कोणाशी होतात आणि त्या पोरांना पुढं पोरं होतात का, हा मुद्दा. ही व्याख्या कुठं कुठं तोकडी पडते ते १३ आणि १४ मध्ये बघा.

२. मग मुऱ्हा आणि पंढरपुरी या वेगळ्या प्रजाती का?

नाही, एकाच प्रजातीच्या दोन जाती, म्हणजे बाजारातल्या अर्थानं जाती. मुऱ्हा रेड्यापासून पंढरपुरी म्हैस बिनघोर गाभण राहते आणि ते पारडू मोठं होऊन स्वतःही वितं. खिलार आणि जर्सीचंही तसंच, हापूस आणि पायरीचंही, आजऱ्याचा घनसाळ आणि इंद्रायणीचंही. उलट धक्का द्यायचा तर भाजी मंडईत या. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही चारही एकच प्रजाती आहे. माणसानं कुणाची पानं वाढवली, कुणाचा दांडा, कुणाचं फूल.

३. विशाळगडावर नवीन वनस्पती 'सापडली' अशी बातमी होती. म्हणजे ती अलीकडं तयार झाली का?

नाही. ती तिथं होतीच, नाव आपण आता दिलं. २०२३ मध्ये विशाळगडावरून कंदीलपुष्पाची एक प्रजाती 'सेरोपेजिया शिवरायीना' या नावानं जाहीर झाली. 'नवी' म्हणजे विज्ञानाच्या वहीत नवी. बारसं उशिरा झालं म्हणून बाळ आज जन्मलं असं होत नाही.

४. पण एका प्रजातीच्या दोन होतात तरी कशा? कोणी तरी एकदम वेगळं जन्माला येतं का?

एकदम वेगळं सहसा कोणी येत नाही (अपवाद १० मध्ये). वाट फुटते ती आधी नकाशावर.

आपलंच उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या उत्तरेला कोयनेच्या भागात एक छोटा भेक आहे, त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्रिन कोयनायेन्सिस. दक्षिणेला, आजरा ओलांडून आंबोलीला गेलं की त्याचा भाऊबंद भेटतो, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला झँथोफ्रिन टायगरिना. पहिल्याचं वर्णन १९६३ चं, दुसऱ्याचं २००९ चं. दोघांमध्ये सरळ रेषेत दीडशेहून जास्त किलोमीटर अंतर आहे. पहिल्या पावसात हे भेक सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, वीतभर खळग्यातल्या पाण्यात अंडी घालतात. आता अंगठ्याएवढा प्राणी, त्याला ओला कातळ हवा. मधल्या दऱ्या, नद्या, कोरडी पठारं ओलांडून तो कोयनेहून आंबोलीला लग्न जमवायला थोडाच जाणार?

असे दोन गट एकदा तुटले की दोन्हीकडं तीन गोष्टी चालू राहतात. जनुकांत लहानसहान बदल आपोआप होतच असतात. इकडचा पाऊस, शत्रू, खाणं वेगळं, त्यामुळं इकडं एक बदल टिकतो आणि तिकडं दुसरा. आणि गट लहान असेल तर निव्वळ नशिबानंही काही गुण पसरतात, काही पुसले जातात. मधून पाहुणे येत-जात राहिले असते तर हे फरक परत कालवले गेले असते. पाहुणे बंद, म्हणून फरक साचत जातात.

इथं लोक हमखास अडतात: "फरक साचले ते ठीक, पण म्हणून मूल का होऊ नये?" त्याला मी उद्यमनगरचा, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीचा दाखला देतो. दोन वर्कशॉप एकाच जुन्या नट-बोल्टापासून सुरू झाली समजा. पहिल्यानं हळूहळू बोल्टाचे आटे बारीक करत नेले आणि त्याबरोबर नटही जुळवत नेला. दुसऱ्यानं आटे जाड करत नेले, नटासकट. दोघांचाही माल आपापल्या जागी चोख बसतो, एक दिवस मशीन बंद पडलं नाही. पण याचा बोल्ट त्याच्या नटात घाला बघू! जनुकांचंही तेच. प्रत्येक बदल आपल्या घरात तपासून घेतलेला असतो, शेजारच्याच्या बदलाशी त्याची गाठ कधीच पडलेली नसते. ती पहिल्यांदा पडते संकराच्या पोटात, आणि तिथं आटे अडकतात. म्हणजे वांझपणा कोणी मुद्दाम घडवत नाही, तो दोन वेगळ्या सुधारणांचा अनपेक्षित परिणाम असतो. थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन मुलर या शास्त्रज्ञांनी ही कल्पना पक्की मांडली.

सह्याद्रीत असे तुटलेले तुकडे ठायी ठायी आहेत. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर पालघाटची सुमारे ३० किलोमीटर रुंद खिंड आहे. डोंगरमाथ्याच्या शोला जंगलात राहणाऱ्या एका छोट्या पक्ष्याची उत्तरेला निलगिरीत एक प्रजाती आणि खिंडीच्या दक्षिणेला दुसरी. पंख असूनही खिंड ओलांडली नाही, कारण खालची गरम हवा आणि उघडं रान त्याला मानवत नाही.

५. याला किती वर्षं लागतात?

एका हंगामापासून दहा-वीस लाख वर्षांपर्यंत काहीही. गव्हात एका पिढीत झालं (१०), आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सुमारे १५ हजार वर्षांत माशांच्या पाचशेच्या आसपास प्रजाती झाल्या, आणि पक्षी-सस्तन प्राण्यांत पूर्ण फारकत व्हायला साधारण लाखांत मोजावी लागतात. उलटंही घडतं. उंट आणि दक्षिण अमेरिकेतला लामा यांची वाट फुटून एक कोटीहून जास्त वर्षं झाली, तरी १९९८ मध्ये दुबईत कृत्रिम रेतनानं त्यांचं पिल्लू जन्मलं. नुसत्या कॅलेंडरवरून काही ठरत नाही.

६. मध्ये डोंगर-नदी काही नसताना, एकाच ठिकाणी राहून दोन प्रजाती होऊ शकतात का?

होऊ शकतात, पण अवघड. यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं भांडणं झाली. नावाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या एका फळमाशीचं आहे. ती मूळची हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या फळावरची. युरोपातून आलेल्या लोकांनी सफरचंद लावलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला यातल्या काही माश्या सफरचंदावर गेल्या. या माश्या फळावरच जुगतात. सफरचंद आधी पिकतं, हॉथॉर्न नंतर. म्हणजे झाडं एकाच बांधावर असली तरी यांचा हंगाम वेगळा आणि त्यांचा वेगळा. फारकत अजून पूर्ण झालेली नाही, चालू आहे, आणि म्हणूनच ती बघण्यासारखी आहे.

७. दोन्ही प्रजाती एकाच रानात राहतात, एकच पाणी पितात, तरी मिसळत का नाहीत?

मला सर्वात आवडणारा प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला पिंडाभोवती बघा. मानेवर राखाडी पट्टा असलेला गावकावळा येतो, आणि कधी कधी अंगभर काळा, जाड चोचीचा डोमकावळाही येतो. ताट एक, पण घरोबा नाही. कारण जोडीदार निवडताना आवाज, रूप, वागणं या सगळ्याची परीक्षा होते आणि परका त्यात नापास होतो.

बेडकांत ही परीक्षा जवळपास पूर्ण आवाजावर चालते. रोपलावणीच्या दिवसांत भाताच्या खाचरात रात्री उभं राहिलात तर जो कल्ला ऐकू येतो तो आपल्याला एकच वाटतो. बेडकीला तसं वाटत नाही. तिचा कान तिच्याच प्रजातीच्या नराच्या सुराला आणि ठेक्याला जुळलेला असतो. खाचरातल्या काही छोट्या बेडकांच्या प्रजाती हातात घेतल्यावर तज्ज्ञालाही ओळखू येत नाहीत, पण ओरडले की लगेच कळतात. काजव्यांत हेच काम उजेड करतो. पावसाच्या तोंडावर राधानगरीच्या झाडांवर जो लखलखाट दिसतो त्यात किती वेळ पेटायचं, किती वेळ विझायचं याची खूण प्रजातीगणिक ठरलेली असते. (म्हणूनच तिथं मोबाईलची बॅटरी लावू नका, बाबांनो. तुम्ही फोटो काढता, त्यांचा निरोप चुकतो.)

झाडं हलू शकत नाहीत, त्यांची लग्नं जमवतात ते कीटक. वर सांगितलेलं कंदीलपुष्प एकदा जवळून बघा. दीड-दोन इंचांचा उभा कंदील, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, खाली अरुंद नळी आणि बुडाला फुगीर खोली. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते. नळीत खाली टोकं केलेले केस असतात, त्यामुळं आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. खोलीत धडपडताना परागांची जुडी तिच्या सोंडेला अडकते. मग केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते, ती पुढच्या कंदिलात फसायला. आता नळीची रुंदी थोडी वेगळी, वास थोडा वेगळा, की येणारी माशी वेगळी. मग शेजारी दुसरं कंदीलपुष्प फुललेलं असलं तरी पराग तिकडं जाण्याची वाट अरुंद होते.

याचं टोक म्हणजे उंबर आणि वड. उंबराच्या आत शिरणारी गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी वेगळी, वडाची वेगळी. आपल्याला न दिसणारं 'उंबराचं फूल' तिला बरोबर सापडतं.

हे सगळे अडथळे गर्भ राहण्याच्या आधीचे झाले. ते ओलांडूनही संकर झालाच तर पुढचे अडथळे लागतात, ते ८ आणि ९ मध्ये.

८. खेचराला पिल्लू का होत नाही?

घोडीच्या पेशीत ६४ गुणसूत्रं (जनुकं वाहून नेणारे धागे), गाढवात ६२. खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळतात, एकूण ६३. शरीर चालवायला तेवढी पुरतात, म्हणून खेचर दणकट असतं. पण बीजपेशी तयार करताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र जोडीनं उभं राहावं लागतं. इथं एक तर संख्या विषम, त्यात गुणसूत्रांची रचनाही बदललेली. जोड्या लागत नाहीत, काम तिथंच थांबतं. खेचर मादी व्याल्याच्या घटना आहेत, पण इतक्या क्वचित की जुन्या काळी लोक त्याला अपशकुन मानत.

गुणसूत्रांची संख्या जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही समजू नका. उंट आणि लामा दोघांचीही ७४ आहेत, तरी निसर्गात त्यांचा काही संबंध नाही.

९. आमच्या वाडीत गव्यापासून गाईला वासरू झालं असं म्हणतात. खरं असू शकतं का? आणि गवा रेडा म्हशीला का लागत नाही?

आधी दुसरा भाग. 'गवा रेडा' या नावानं फसगत होते. गवा रेडा नाहीच, तो गाईच्या वंशातला आहे. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्याच्या नावात 'बायसन' घातलं गेलं, तीही चूकच. बायसन हा वेगळा प्राणी, आपल्याकडं नाही. गव्याची गुणसूत्रं ५८, गाईची ६०, आपल्या म्हशीची ५०. गाय आणि म्हैस एका गोठ्यात जन्म काढतात, पण त्यांचं वासरू होत नाही.

गवा आणि गाय यांचं मात्र होऊ शकतं. ईशान्य भारतात गव्याचा माणसाळलेला भाऊबंद आहे, मिथुन. भूतानमध्ये मिथुन वळू आणि स्थानिक गाय यांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम करतात. त्यातल्या माद्या गाभण राहतात आणि दूधही चांगलं देतात. नर मात्र वांझ निघतो, फक्त नांगराला उपयोगी.

नरच का, हे गंमतीचं आहे. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये एक नियम नोंदवला. संकरात एकच लिंग वांझ किंवा दुबळं निघत असेल तर ते बहुधा ज्याची लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी असतात तेच असतं. सस्तनात तो नर, कारण त्याच्याकडं एक्स आणि वाय असं विजोड जोडपं. पक्ष्यांत उलट, तिथं मादी. हाल्डेन पुढं भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

तुमच्या वाडीतल्या वासराबद्दल एवढंच सांगतो: पाय पांढरे आणि कपाळ रुंद असण्यावरून काही ठरत नाही, खिलार-जर्सीच्या भेसळीतही तसली वासरं होतात. डीएनए तपासल्याशिवाय चावडीवरचा निकाल मानू नये.

१०. एका पिढीत नवी प्रजाती होते म्हणता. कशी?

तुमच्या स्वयंपाकघरातच पुरावा आहे. सणाला खपलीची खीर करता, रोजच्या चपातीला साधा गहू. खपलीची गुणसूत्रं २८, चपातीच्या गव्हाची ४२. वरची १४ कुठून आली?

सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या भागात खपलीच्या कुळातला गहू शेतात उभा होता, आणि बांधावर १४ गुणसूत्रांचं एक रानगवत. पराग उडाला, संकर झाला. खपलीकडून १४, गवताकडून ७, म्हणजे २१. ही रोपं खेचरासारखी, जोड्या लागेनात. पण वनस्पतींत कधी कधी पेशी विभागताना चूक होते आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट होतात. २१ ची झाली ४२. आता प्रत्येक गुणसूत्राला हुबेहूब जोडीदार मिळाला! वांझ रोप पिकतं झालं. आणि त्याच क्षणी ते दोन्ही आई-बापांपासून तुटलं, कारण परत खपलीशी संकर केला तर १४ जोड्या लागतात आणि ७ एकटी उरतात, दाणे कमी भरतात.

भुईमूगही असाच, दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी प्रजातींच्या २० अधिक २० अशा बेरजेतून झालेला. आणि ही फक्त जुन्या काळची गोष्ट नाही. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ट्रॅगोपोगॉन नावाच्या रानफुलांच्या संकरातून अशाच दुपटीनं दोन नव्या प्रजाती झाल्या, आणि १९५० मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. आई-बाप तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पोचले होते, म्हणजे सगळा कारभार पन्नासेक वर्षांतला.

११. मग ऊस कुठल्या प्रजातीचा? ८६०३२ ही नवी प्रजाती म्हणायची का?

८६०३२ हे वाण आहे, प्रजाती नाही. पण तुमच्या शंकेत दम आहे. जाड, गोड, रसाळ उसाची एक प्रजाती होती, ८० गुणसूत्रांची. ती रोगाला नाजूक. दुसरीकडं ओढ्याकाठी पांढरे तुरे मिरवणारं कांस नावाचं रानगवत, उसाचाच भाऊबंद, बारीक पण चिवट. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झालं, तिथं बार्बर आणि वेंकटरामन यांनी या दोघांचा संकर करून 'को २०५' काढला. पुढची जवळपास सगळी वाणं अशाच संकराची लेकरं. त्यांच्यात गुणसूत्रं शंभरापासून एकशेतीसपर्यंत सापडतात, त्यातली बहुतेक गोड आजीची आणि थोडी कांसाची.

एवढी गुंतागुंत असून वाण टिकतं कसं? कारण आपण बियाणं पेरत नाही, बेणं लावतो. डोळ्यातून फुटलेला ऊस म्हणजे त्याच उसाची नक्कल. शेतातल्या तुऱ्याचं बी पेरलं तर एकासारखं दुसरं निघणार नाही. म्हणून ८६०३२ ला प्रजाती म्हणणं म्हणजे एकाच माणसाच्या झेरॉक्सना जमात म्हणण्यासारखं झालं.

१२. संकर होतो, पिल्लंही वांझ नसतात, मग त्या दोन प्रजाती कसल्या?

लांडगा आणि कुत्रा यांची पिल्लं पूर्ण पिकती असतात, आणि पुण्याजवळच्या माळरानावर असा संकर असल्याची जनुकीय खात्रीही झाली आहे. खरं तर कुत्रा लांडग्यापासूनच आला, त्यामुळं अनेक जण त्यांना एकच प्रजाती धरतात. पण वाघ-सिंह, किंवा ध्रुवीय अस्वल आणि तपकिरी अस्वल यांचा संकर होत असूनही ते वेगळेच धरले जातात. फरक आहे तो प्रमाणाचा. बांध फुटून थोडं पाणी शेजारच्या रानात गेलं म्हणून दोन शेतं एक होत नाहीत. संकर तुरळक असेल, किंवा संकरित पिल्लं निसर्गात मागं पडत असतील, तर दोन्ही बाजू आपापल्या राहतात.

कधी कधी तर संकरामुळंच भिंत उंच होते. संकराची संतती कमजोर निघत असेल तर परक्याशी जोडी जमवणाऱ्याचा वंश घटतो आणि चोखंदळाचा वाढतो. टेक्सासमध्ये फ्लॉक्स नावाच्या फुलझाडाची एक प्रजाती एरवी फिकट निळी फुलते, पण दुसऱ्या फ्लॉक्सच्या शेजारी असते तिथं गडद लाल. फुलपाखरं मग एका रंगाला धरून राहतात आणि पराग भलतीकडं कमी जातात.

१३. आमच्या कुंडीत निघालेल्या वाळ्यात म्हणे नर नसतोच. मग "आपसात जुगणारे" ही व्याख्या त्याला कशी लावायची?

नाही लावता येत. वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा छोटा साप, बिनविषारी, नुसत्या माद्या. अंडी नराशिवाय फळतात आणि लेकी आईसारख्याच. गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन. एक मादी कुंडीतल्या मातीतून कुठंही पोचली की वसाहत सुरू, म्हणून तो आज जगभर पसरलाय. अशा ठिकाणी, आणि जिवाणूंतही, शास्त्रज्ञ जुगण्याचा निकष सोडून देतात आणि शरीररचना व जनुकांतलं साम्य यांवर प्रजाती ठरवतात. व्याख्या माणसानं केली, वाळ्याची त्यावर सही नाही.

१४. अ चं ब शी जमतं, ब चं क शी जमतं, पण अ आणि क चं जमत नाही, असं होतं का?

होतं, आणि त्यातला एक पक्षी दर हिवाळ्यात सह्याद्रीत येतो. हिरवट वटवट्या, चिमणीहून लहान, झाडाच्या शेंड्यात सतत हलणारा. त्याची उन्हाळी वस्ती तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारखी पसरलेली आहे. हिमालयाकडून दोन्ही बाजूंनी उत्तरेकडं जाताना शेजारच्या वस्त्या हळूहळू बदलत जातात, गाणंही बदलतं. सैबेरियात कड्याची दोन टोकं भेटतात तेव्हा एकमेकांचं गाणं ओळखतच नाहीत आणि जोड्या लावत नाहीत. नंतरच्या जनुकीय अभ्यासात दिसलं की कडं मध्ये मध्ये तुटलंही होतं, म्हणजे चित्र पुस्तकात दाखवतात तितकं गुळगुळीत नाही. तरी सैबेरियातल्या त्या दोन टोकांची एक प्रजाती म्हणायची की दोन, हा पेच राहतोच. मला विचाराल तर अशा पेचात पडणं हीच उत्क्रांतीची खूण आहे. काम चालू असलेल्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड अर्धेच लागलेले असतात.

१५. हे सगळं होऊन गेलेलं सांगता. डोळ्यांदेखत घडताना कोणी पाहिलंय का?

ट्रॅगोपोगॉनचं १० मध्ये आलंच. प्रयोगशाळेत डायान डॉड यांनी फळमाश्यांचे काही गट स्टार्चवर आणि काही माल्टोज या साखरेवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवले. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की नंतर एकत्र सोडल्यावर स्टार्चवाल्या स्टार्चवाल्यांनाच जास्त पसंत करतात. ही नवी प्रजाती नव्हे, तिची पहिली पायरी.

गॅलापागोस बेटांवर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं दरवर्षी फिंच पक्षी मोजत असे. १९८१ मध्ये डाफ्ने मेजर या बेटावर शंभर किलोमीटरहून दूरच्या बेटावरचा एक दांडगा नर आला. त्यानं स्थानिक मादीशी घर केलं. पोरांचं गाणं बापाचं, चोच वेगळीच, त्यामुळं स्थानिक पक्षी त्यांना दाद देईनात. मग ती आपसातच जोड्या लावू लागली आणि २०१२ पर्यंत तीसेक झाली. एका पाहुण्यापासून सुरू झालेलं स्वतंत्र घराणं, आणि प्रत्येक पिढीची नोंद वहीत.

१६. दोन झालेल्या प्रजाती परत एक होऊ शकतात का?

हो, फारकत कच्ची असेल तर. व्हिक्टोरिया सरोवरातले मासे (५) रंग बघून जोडीदार निवडतात. शेतीचं आणि वस्तीचं सांडपाणी जाऊन पाणी गढूळ झालं, तसे रंग दिसेनासे झाले. १९९७ च्या अभ्यासात आढळलं की जिथं पाणी गढूळ तिथं रंग फिके आणि प्रजातीही कमी. म्हणजे मासे न मारताही, नुसता उजेड कमी होऊन प्रजाती पुसट होऊ शकतात.

१७. माणसाची दुसरी प्रजाती होईल का?

पृथ्वीवरच राहणार असू तर मला तरी शक्यता दिसत नाही. जगातले कुठलेही दोघे घ्या, डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखा, आणि आता कोणीच कोणापासून तुटलेलं नाही. वंश, धर्म, जात यांना प्रजातीशी जोडणारे मेसेज येतात, त्यांना उत्तर म्हणून हे पान पाठवा. नीअँडरथालबद्दलही विचारतात: आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा एक ते दोन टक्के डीएनए आहे, तेव्हा संकर झाला होता हे नक्की. ते वेगळी प्रजाती होते का, यावर तज्ज्ञांत दोन तट आहेत. १२ मधला बांधाचा दाखला तिथंही लावून बघा.

१८. दिसायला सारखे असलेले जीव वेगळे ठरवून सामान्य माणसाला काय मिळतं?

मलेरियाचं घ्या. खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस क्युलिसिफेशीज हा डास एकच वाटत होता. गुणसूत्रं तपासल्यावर त्यात ए, बी, सी, डी, ई अशा पाच प्रजाती निघाल्या, दिसायला सारख्या. त्यातली बी मलेरिया जवळपास पसरवतच नाही, ए मात्र पसरवते. नुसते डास मोजून फवारणी ठरवली तर बी असलेल्या गावात औषध वाया जाणार.

१९. मला सड्यावर वेगळाच बेडूक दिसला. काय करू?

पकडू नका, घरी आणू नका. वरून, बाजूनं आणि जमलं तर समोरून असे फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. ओरडत असेल तर फोनवर दोन मिनिटं आवाज नोंदवा, का ते ७ मध्ये वाचलंत. तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहून ठेवा. अभयारण्यात असाल तर वनरक्षकाला सांगा, नाही तर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा. फोटो धूसर असला तरी चालेल, आवाज मात्र स्वच्छ आणा; मागच्या वर्षी आलेल्या एका रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण दोन मिनिटं छत्रीवरचा पाऊसच होता.